मेरुरज्जूच्या इजा व मूलकोशिका-चिकित्सा

मेरुरज्जूच्या इजा व मूलकोशिका-चिकित्सा : मूलकोशिका म्हणजे स्वतःसारख्या नव्या कोशिका (पेशी) निर्माण करण्याची, तसेच योग्य परिस्थितीत विशिष्ट कार्य करणाऱ्या कोशिकांत रूपांतरित होण्याची क्षमता असलेल्या आद्य कोशिका होत. पाठीच्या कण्यातील मेरुरज्जूस इजा होऊन अंग लुळे पडले असता अशा कोशिकांचे रोपण करून गेलेली हालचाल व संवेदना परत आणण्याच्या प्रयत्नास मेरुरज्जु-इजेवरील मूलकोशिका-चिकित्सा म्हणतात. रक्ताच्या काही रोगांत मूलकोशिकांचे रोपण हा सिद्ध झालेला उपचार आहे. मेरुरज्जूच्या इजेवर मात्र तो अद्याप संशोधनाच्या अवस्थेत आहे. हा भेद रुग्णांच्या नातेवाइकांस पुष्कळदा सांगितला जात नाही व त्यामुळे आशेपोटी मोठा खर्च केला जातो. प्रस्तुत नोंदीत या चिकित्सेचा इतिहास दिला असून महाराष्ट्रातील, विशेषतः नाशिक जिल्ह्यातील, परिस्थितीचा विचार केला आहे.

इजेचे स्वरूप : मेरुरज्जू प्रौढ व्यक्तीत सु. ४५ सेंमी. लांब असून तो मेंदूच्या तळापासून निघून कमरेच्या पहिल्या वा दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्यापासून तंत्रिकांच्या (मज्जातंतूंच्या) ३१ जोड्या निघतात. मेंदूच्या आज्ञा स्नायूंकडे नेणे, त्वचा व सांधे यांच्याकडील संवेदना मेंदूकडे पोहोचविणे आणि मूत्राशय, मलाशय, रक्तदाब, घाम इत्यादींचे नियंत्रण करणे ही कामे त्याच्याद्वारे होतात. मणका मोडल्याने वा सरकल्याने मेरुरज्जू चेंगरला, तर इजेच्या पातळीखालील सर्व कार्ये कमीअधिक प्रमाणात बंद पडतात. इजा छातीच्या किंवा कमरेच्या पातळीवर असल्यास दोन्ही पाय लुळे पडतात (अधरांगघात). ती मानेत असल्यास हातही निकामी होतात (चतुरंगघात) व फार वरच्या पातळीवर असल्यास श्वसनही थांबते. मूत्रविसर्जनावरील ताबा जाणे आणि त्वचेस स्पर्श न कळणे या गोष्टी न चालता येण्याइतक्याच गंभीर असतात, कारण पुढील बहुतेक उपद्रव त्यांतूनच उद्भवतात.

इजा दोन टप्प्यांनी होते. प्रत्यक्ष आघाताने काही कोशिका तत्काळ मरतात. त्यानंतर काही तास ते काही आठवडे सूज, रक्तपुरवठ्यातील खंड, दाह व विषारी रासायनिक द्रव्ये यांमुळे लगतच्या कोशिका मरत जातात. पुढे त्या जागी आधार-कोशिकांचा व्रण तयार होतो व कधीकधी द्रवाने भरलेली पोकळी उरते. तुटलेल्या अक्षतंतूंना (तंत्रिका कोशिकांच्या लांब शाखांना) हा व्रण ओलांडून पलीकडे वाढता येत नाही. वाचलेल्या काही तंतूंवरील मायलिनाचे वेष्टनही नष्ट झालेले असते, म्हणून ते शाबूत असूनही संदेश वाहू शकत नाहीत. [⟶ तंत्रिका तंत्र].

प्राचीन काळ : या इजेचे सर्वांत जुने वर्णन एडविन स्मिथ पपायरस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ईजिप्शियन ग्रंथात आढळते. उपलब्ध प्रत इ. स. पू. सु. १६०० ची असून मूळ मजकूर त्याहून जुना मानला जातो. मानेचा मणका सरकून हातपाय लुळे पडलेल्या व मूत्र नकळत गळणाऱ्या रुग्णाचे त्यात अचूक वर्णन आहे व ही व्याधी उपचार न करण्याजोगी ठरविली आहे. भारतात सुश्रुतसंहितेत अस्थिभंगाच्या चिकित्सेत ‘कपाटशयन’ ही पद्धत सांगितली आहे. रुग्णास फळीवर निजवून, खुंट्या रोवून व बंध बांधून भग्न भाग हलू न देणे, असे तिचे स्वरूप आहे. पृष्ठवंशाच्या भंगासाठीही ती सांगितली आहे. मोडलेला कणा हलू देऊ नये, हे तत्त्व आधुनिक प्रथमोपचारातही पायाभूत मानले जाते. ग्रीक वैद्य गेलेन (सु. १२९–२१६) यांनी प्राण्यांत मेरुरज्जू निरनिराळ्या पातळ्यांवर छेदून कोणत्या पातळीखाली कोणती हालचाल थांबते, हे दाखवून दिले. तथापि इजेवर उपाय नाही, हा निर्णय विसाव्या शतकापर्यंत बदलला नाही.

महायुद्धे व शुश्रूषेतील क्रांती : पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या रणांगणावरील जखमी सैनिक मुंबईमार्गे आणून नाशिकजवळील देवळाली येथील लष्करी रुग्णालयांत ठेवीत. त्या काळी मेरुरज्जूची इजा झालेले बहुसंख्य सैनिक काही आठवड्यांत वा महिन्यांत दगावत. त्यांच्या मृत्यूचे कारण बहुधा खुद्द मेरुरज्जूची इजा हे नसे. शय्याव्रण (एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमा) आणि मूत्रमार्गातील संसर्ग यांमुळे ते मरत.

या स्थितीत बदल घडविला तो लूटव्हिख गुटमान (१८९९–१९८०) यांनी. जर्मनीतून इंग्लंडमध्ये आश्रयास आलेल्या या ज्यू तंत्रिकाशल्यविशारदाकडे १९४४ मध्ये स्टोक मँडेव्हिल येथील मेरुरज्जु-इजा केंद्र सोपविण्यात आले. त्यांनी कोणतेही नवे औषध शोधले नाही. रुग्णास दिवसरात्र दर दोन तासांनी कुशीवर वळविणे, मूत्राशय निर्जंतुक पद्धतीने रिकामा करणे, सांधे आखडू न देणे, उरलेल्या स्नायूंचे बळ वाढविणे आणि रुग्णास कामाला व खेळाला लावणे, हे त्यांच्या पद्धतीचे सार होते. प्रतिजैव औषधांचीही त्याच सुमारास जोड मिळाली. परिणामी मरणाची वाट पाहणारे रुग्ण चाकाच्या खुर्चीवर बसून घरी जाऊ लागले. गुटमान यांनी २९ जुलै १९४८ रोजी १६ जखमी स्त्री-पुरुष सैनिकांच्या धनुर्विद्येच्या स्पर्धा घेतल्या. त्यांतूनच पुढे पॅरालिंपिक स्पर्धा उदयास आल्या.

इजा बरी न करताही आयुष्य परत देता येते, हा या क्रांतीचा अर्थ होता. मूलकोशिकांच्या इतिहासाचा विचार करतानाही तो ध्यानात ठेवावा लागतो.

महाराष्ट्रातील पुनर्वसन : मुंबई येथे हाजी अलीजवळ १९५५ मध्ये अखिल भारतीय भौतिकी चिकित्सा व पुनर्वसन संस्था स्थापन झाली. १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धाने या प्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधले. सांगली जिल्ह्यातील जवान मुरलीकांत पेटकर यांना त्या युद्धात गोळ्या लागून कण्यास इजा झाली व कमरेखालचे अंग लुळे पडले. उपचाराचा भाग म्हणून सुरू केलेल्या पोहण्यात त्यांनी असे प्रावीण्य मिळविले, की १९७२ च्या हायड्लबर्ग (पश्चिम जर्मनी) पॅरालिंपिक स्पर्धेत ५० मी. मुक्त जलतरणात त्यांनी विश्वविक्रमासह सुवर्णपदक पटकाविले. पॅरालिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविणारे ते पहिले भारतीय होत. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली. मे १९६५ मध्ये एव्हरेस्ट शिखर सर करणारे मेजर एच्. पी. एस्. अहलुवालिया हेही त्याच वर्षीच्या युद्धात गोळी लागून अपंग झाले. त्यांच्यावर स्टोक मँडेव्हिल येथे उपचार झाले व त्या अनुभवातून त्यांनी दिल्ली येथे इंडियन स्पायनल इन्ज्युरीज सेंटर उभारले. महाराष्ट्रात पुण्याजवळ खडकी येथे १९७४ मध्ये जखमी जवानांसाठी अधरांगघात पुनर्वसन केंद्र सुरू झाले. या सर्व संस्थांचा भर गुटमान यांच्या मार्गावर होता. मेरुरज्जू पुन्हा जोडला जाईल, अशी आशा त्या काळी कोणी दाखवीत नव्हते.

पुनर्जननाची कल्पना : मेरुरज्जू पुन्हा का वाढत नाही, या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास स्पॅनिश शास्त्रज्ञ सांत्यागो रामोन ई काहाल (१८५२–१९३४) यांनी केला. १९१३-१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी असे दाखविले, की तुटलेल्या अक्षतंतूंना प्रथम अंकुर फुटतात; परंतु काही काळाने त्यांची वाढ खुंटते. हातापायांतील तंत्रिका मात्र तुटल्यावर पुन्हा वाढू शकतात. १९८१ मध्ये माँट्रिऑल येथील सॅम्युएल डेव्हिड व आल्बेर्तो अग्वायो यांनी उंदराच्या शरीरातील परिघीय तंत्रिकेचा तुकडा मेरुरज्जूशी जोडला, तेव्हा मेरुरज्जूतील अक्षतंतू त्या तुकड्यात लांबवर वाढत गेले. म्हणजे वाढण्याची शक्ती कोशिकेत असते, पण भोवतालची परिस्थिती ती रोखते, असे सिद्ध झाले. या शोधामुळे परिस्थिती बदलणाऱ्या कोशिका इजेच्या जागी ठेवता येतील काय, हा प्रश्न पुढे आला.

औषधांच्या बाबतीतील एक अनुभव येथे नमूद करण्याजोगा आहे. १९९० मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीवरून मिथिलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड इजेनंतर आठ तासांच्या आत मोठ्या मात्रेत दिल्यास लाभ होतो, असे जाहीर झाले व जगभर त्याचा वापर सुरू झाला. पुढे त्या आकडेवारीची फेरतपासणी झाली. लाभ संशयास्पद व संसर्गादी धोके निश्चित आढळले. २०१३ मध्ये अमेरिकेतील तंत्रिकाशल्यविशारदांच्या मार्गदर्शक सूचनांत हा उपचार करू नये, असे सांगण्यात आले. तुलना-गट असलेल्या चाचणीचाही अर्थ लावताना चूक होऊ शकते. तुलनाच न केलेल्या उपचाराविषयी किती सावध राहावे, हे यावरून कळते.

मूलकोशिकांचा शोध : टोराँटो येथील अर्नेस्ट मकलक व जेम्स टिल यांनी १९६१ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून अस्थिमज्जेत रक्त निर्माण करणाऱ्या मूलकोशिका असल्याचा पुरावा दिला. अस्थिमज्जा-रोपणाचे प्रणेते अमेरिकन वैद्य ई. डॉनल टॉमस (१९२०–२०१२) यांना १९९० चे नोबेल पारितोषिक (विभागून) मिळाले. भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा-रोपण १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात सुरेश अडवाणी यांनी रक्ताच्या कर्करोगाने पीडित असलेल्या एका बालिकेवर केले. स्वतः अडवाणी बालपणीच्या पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीचा वापर करीत आले. पोलिओचे विषाणू मेरुरज्जूतील चालक तंत्रिका कोशिका नष्ट करतात व तेथे नव्या कोशिका उत्पन्न होत नाहीत. रक्ताच्या कोशिका अस्थिमज्जेत आयुष्यभर नव्याने बनतात, म्हणून तेथे रोपण यशस्वी होते. मेरुरज्जूत मात्र केवळ नवी कोशिका पुरेशी नसते, तर तिची शेकडो दुव्यांशी अचूक जोडणी व्हावी लागते. एकाच नावाच्या दोन उपचारांतील हा मूलभूत फरक होय.

१९८१ मध्ये केंब्रिज येथे मार्टिन एव्हान्झ व मॅथ्यू कॉफमन यांनी उंदराच्या भ्रूणापासून मूलकोशिका वेगळ्या करून वाढविल्या. अमेरिकेत गेल मार्टिन यांनीही त्याच वर्षी स्वतंत्रपणे हे यश मिळविले. १९९२ मध्ये कॅनडातील ब्रेंट रेनल्ड्झ व सॅम्युएल वाइस यांनी प्रौढ उंदराच्या मेंदूतही मूलकोशिका असतात, असे दाखविले. १९९८ मध्ये जेम्स टॉमसन यांनी विस्कॉन्सिन येथे मानवी भ्रूणीय मूलकोशिका मिळविल्या. यासाठी भ्रूण नष्ट करावा लागत असल्याने नैतिक वाद उत्पन्न झाला. २००६ मध्ये जपानमधील शिन्या यामानाका यांनी उंदराच्या त्वचेतील प्रौढ कोशिकांत चार जनुके घालून त्यांना भ्रूणीय मूलकोशिकांसारखे रूप दिले व पुढील वर्षी मानवी कोशिकांतही तेच साधले. या ‘प्रेरित बहुक्षम मूलकोशिकां’बद्दल त्यांना २०१२ चे नोबेल पारितोषिक (विभागून) मिळाले.

मेरुरज्जूवरील प्रयोग : रोपण केलेल्या कोशिकांकडून तीन गोष्टींची अपेक्षा असते : (१) मेलेल्या तंत्रिका कोशिकांची जागा घेणे; (२) उघड्या पडलेल्या तंतूंवर मायलिनाचे वेष्टन चढविणे; (३) दाह कमी करणारी व वाढीस पोषक अशी द्रव्ये स्रवणे. रुग्णाच्या कटिअस्थीतून काढलेल्या अस्थिमज्जेतील कोशिकांपासून मुख्यतः तिसऱ्या प्रकारच्या कार्याची अपेक्षा करतात. त्या तंत्रिका कोशिका बनून मेरुरज्जूत सामील होतात, असा समाधानकारक पुरावा मिळालेला नाही.

२००५ मध्ये अमेरिकेत हान्स किअरस्टेड व त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी भ्रूणीय कोशिकांपासून बनविलेल्या, मायलिननिर्मितीची क्षमता असलेल्या कोशिका इजा झालेल्या उंदरांत रोपिल्या. इजेनंतर सात दिवसांनी रोपण केलेल्या उंदरांची हालचाल सुधारली. दहा महिन्यांनंतर रोपण केलेल्यांची सुधारली नाही. रुग्ण बहुधा इजा होऊन वर्षे लोटल्यावर या उपचाराकडे वळतात, म्हणून हा निष्कर्ष महत्त्वाचा ठरतो. या कोशिकांची मानवावरील पहिली चाचणी जेरॉन या कंपनीने ऑक्टोबर २०१० मध्ये सुरू केली. पाच रुग्णांनंतर, नोव्हेंबर २०११ मध्ये, आर्थिक कारणास्तव ती थांबविण्यात आली. उपचारामुळे गंभीर अपाय आढळला नाही. तसाच ठळक लाभही आढळला नाही.

नाकातील श्लेष्मल ऊतक (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांचा समूह) मेरुरज्जूत रोपण्याचे प्रयोग पोर्तुगालमध्ये २००१ च्या सुमारास सुरू झाले. अशा रोपणानंतर आठ वर्षांनी एका रुग्णाच्या मेरुरज्जूत श्लेष्मा स्रवणारी गाठ वाढल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. कोशिका जिवंत असते. औषधाप्रमाणे ती शरीरातून निघून जात नाही व तिची वाढ थांबविणे नेहमीच हाती राहत नाही, हे त्यावरून स्पष्ट झाले.

जपानने डिसेंबर २०१८ मध्ये रुग्णाच्या स्वतःच्या अस्थिमज्जेपासून तयार केलेल्या ‘स्टेमिरॅक’ या उत्पादनास सशर्त मान्यता दिली. केवळ १३ रुग्णांवरील, तुलना-गट नसलेल्या चाचणीवर ही मान्यता आधारलेली असल्याने अनेक शास्त्रज्ञांनी तीवर टीका केली. टोकिओच्या केओ विद्यापीठात हिदेयुकी ओकानो, मासाया नाकामुरा व त्यांचे सहकारी यांनी डिसेंबर २०२१ पासून चार रुग्णांत प्रेरित बहुक्षम मूलकोशिकांपासून बनविलेल्या प्रत्येकी सु. २० लक्ष कोशिका इजेनंतर अल्पकाळात रोपिल्या. मार्च २०२५ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार चारांपैकी दोघांच्या हालचालीत उल्लेखनीय सुधारणा झाली व गंभीर अपाय झाला नाही. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने २०२४ मध्ये चरबीतून मिळविलेल्या कोशिका दिलेल्या १० रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांतील सातांची श्रेणी सुधारली. या दोन्ही चाचण्या प्रामुख्याने सुरक्षितता पाहण्यासाठी असून त्यांत तुलना-गट नव्हता. त्यामुळे त्या आशादायक असल्या, तरी निर्णायक नाहीत.

तुलनेची आवश्यकता : इजेनंतरचे पहिले सहा ते बारा महिने काही रुग्णांत उपचाराविनाही थोडी सुधारणा होते. व्यायाम व भौतिकी चिकित्सा यांमुळे उरलेले स्नायू बळकट होतात. शिवाय मोठी अपेक्षा बाळगून उपचार घेणाऱ्यास व त्याची तपासणी करणाऱ्यासही लहानसा फरक मोठा वाटतो. मूलकोशिका देणाऱ्या ठिकाणी बहुधा जोडीने काही आठवड्यांचा सघन व्यायामही करवून घेतात. मग झालेली सुधारणा कोशिकांची, व्यायामाची की काळाची, हे ठरविण्यास रुग्णांची यदृच्छया विभागणी करून एका गटास कोशिका व दुसऱ्यास उर्वरित सर्व उपचार देणे, हाच मार्ग उरतो. दिल्लीच्या इंडियन स्पायनल इन्ज्युरीज सेंटरमध्ये हरविंदर सिंग छाब्रा व सहकारी यांनी नुकतीच इजा झालेल्या २१ रुग्णांचे तीन गट करून अशी चाचणी घेतली व ती २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. स्वतःच्या अस्थिमज्जेतील कोशिका दिलेल्या रुग्णांस अपाय झाला नाही; पण तुलना-गटाहून लक्षणीय लाभही झाला नाही. रुग्णसंख्या लहान असली, तरी भारतीय रुग्णांवरील हा प्रामाणिक पुरावा होय.

कायदा व नियम : भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २००७ मध्ये मूलकोशिकांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांच्या शीर्षकात ‘संशोधन व चिकित्सा’ असे शब्द होते. २०१३ च्या आवृत्तीत ‘चिकित्सा’ हा शब्द गाळण्यात आला. कारण रक्तोत्पादक मूलकोशिकांचे ठराविक रोगांतील रोपण वगळता चिकित्सा म्हणावी असे काही सिद्ध झालेले नव्हते. २०१७ च्या आवृत्तीत हीच भूमिका कायम ठेवून, मान्यताप्राप्त चाचणीबाहेर मूलकोशिका देणे अनैतिक मानले आहे. चाचणीत सहभागी रुग्णाकडून प्रायोगिक उपचाराचे पैसे घेता येत नाहीत. औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ याच्या अनुसूचीत पक्षाघाताचा समावेश असल्याने तो बरा करण्याच्या जाहिरातीस मनाई आहे. असे असूनही दोन दशकांच्या काळात मुंबई, नवी मुंबई, पुणे, दिल्ली इ. शहरांत अनेक खाजगी ठिकाणी कटिअस्थीतून अस्थिमज्जा काढून तिच्या कोशिका कमरेतून मेरुद्रवात टोचण्याचा उपचार शुल्क घेऊन केला गेला. बरे झाल्याच्या कहाण्यांना प्रसिद्धी मिळाली. ज्यांना काहीच गुण आला नाही, त्यांची गणना झाली नाही.

नाशिक जिल्ह्यातील परिस्थिती : या प्रश्नाचे सर्व पैलू नाशिक जिल्ह्यात एकत्र आढळतात. मुंबई–आग्रा महामार्ग कसारा (थळ) घाट चढून जिल्ह्यात येतो. रस्त्यावरील अपघात व उंचावरून पडणे ही भारतात मेरुरज्जूच्या इजेची दोन प्रमुख कारणे आहेत. झाडावरून, घराच्या छपरावरून, बांधकामाच्या परातीवरून पडणे, विहिरीचे काम करताना खाली कोसळणे, असे प्रसंग शेतकरी व मजूर कुटुंबांत घडतात. इजा झालेली व्यक्ती बहुधा कमावती व तरुण असते. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर व इगतपुरी या डोंगराळ तालुक्यांतील काही पाड्यांवरून रुग्णास झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागते. झोळीत शरीर वाकते व मोडलेला मणका सरकून अर्धवट इजेची पूर्ण इजा होऊ शकते. अशा रुग्णास दार, फळी वा शिडी यांवर सरळ निजवून, मानेच्या दोन्ही बाजूंस कापडाच्या गुंडाळ्या लावून व बांधून न्यावे. वळवायचे झाल्यास तीन-चार जणांनी मान, धड व पाय एका रेषेत ठेवून एकदम वळवावे. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा उपलब्ध झाली आहे. सुश्रुतांचे कपाटशयन आणि रुग्णवाहिकेतील फळी यांमागील तत्त्व एकच आहे. या पहिल्या काही तासांत वाचविलेला मेरुरज्जूचा भाग नंतर कोणत्याही कोशिकांनी परत मिळवून देता आलेला नाही.

रुग्णालयातून घरी परतल्यावर दुसरी अवस्था सुरू होते. मणका स्क्रूंनी स्थिर केलेला असतो. पण मूत्राशय कसा रिकामा करावा, दर दोन तासांनी कूस कशी बदलावी, खुर्चीवर बसल्यावर मधून मधून अंग कसे उचलावे, हे कुटुंबास शिकविलेले नसल्यास शय्याव्रण होतात व मूत्रपिंडे बिघडतात. मुंबई सु. १७० किमी. व पुणे सु. २१० किमी. अंतरावर असल्याने तेथील पुनर्वसन केंद्रांत वारंवार जाणे गरीब कुटुंबास परवडत नाही. नेमक्या याच काळात, काही करायचे राहून जाऊ नये या भावनेने, जमीन किंवा दागिने विकून मूलकोशिका घेण्याचा विचार पुढे येतो. त्या पैशांत योग्य मापाची चाकाची खुर्ची, दाब न देणारी गादी, मूत्रनलिका, घरातील उतरंड व शौचालय आणि बसून करता येईल असा व्यवसाय यांची सोय होऊ शकते.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची स्थापना १९९८ मध्ये नाशिक येथे झाली. राज्यातील वैद्यक, परिचर्या, भौतिकी चिकित्सा व व्यवसायोपचार यांची महाविद्यालये त्यास संलग्न आहेत. मेरुरज्जूच्या इजेचा रुग्ण या चारही शाखांच्या हातांतून जातो. जिल्हा पातळीवर त्यांचे ज्ञान एकत्र आणणे, हे मूलकोशिकांची वाट न पाहता करता येण्याजोगे काम आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियमानुसार अशा व्यक्तींस शासकीय नोकऱ्यांत आरक्षण व सार्वजनिक इमारतींत सुगम प्रवेश यांचा हक्क मिळाला आहे.

मूल्यमापन : जगात मेरुरज्जूच्या इजेसह जगणाऱ्या व्यक्तींची संख्या जागतिक आरोग्य संघटनेने दीड कोटीहून अधिक मानली आहे. त्यांच्यापैकी कोणासही मूलकोशिकांनी खात्रीने चालविता येईल, असा उपचार अद्याप उपलब्ध नाही. तथापि गेल्या शंभर वर्षांत काहालपासून यामानाकापर्यंत एकेक अडसर ओळखला गेला आहे व प्रयोगशाळेतील शोध रुग्णापर्यंत पोहोचू लागले आहेत. आशा निराधार नाही. ती मुदतीआधी विकली जाणे अयोग्य आहे. एखाद्या ठिकाणी हा उपचार सुचविला गेल्यास तो नोंदणीकृत चाचणीचा भाग आहे काय, नीतिसमितीची संमती आहे काय, पैसे कशाचे घेतले जातात, तुलना-गट आहे काय आणि अपाय झाल्यास जबाबदारी कोणाची, हे प्रश्न लेखी विचारण्याचा रुग्णास अधिकार आहे.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात आणून दिली जात नाही. यापूर्वी मूलकोशिका टोचून घेतलेल्या रुग्णास पुढील काळजीपूर्वक चाचण्यांत बहुधा प्रवेश मिळत नाही, कारण कोणत्या कोशिकांचा काय परिणाम झाला, हे मग वेगळे काढता येत नाही. तसेच ज्याचे सांधे आखडलेले, त्वचा फाटलेली व मूत्रपिंडे निकामी झालेली आहेत, त्यास उद्या खरा उपचार सापडला तरी त्याचा लाभ घेता येणार नाही. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणे, मूत्राशय वेळेवर व स्वच्छ रीतीने रिकामा करणे आणि सांध्यांचा नियमित व्यायाम करणे, ही रुग्णाच्या आजच्या जीविताची, तशीच भावी चिकित्सेचीही पूर्वतयारी होय. [⟶ अस्थिमज्जा, पक्षाघात, भौतिकी चिकित्सा].